चौल ते पालेर्मो: आईबरोबर सिसिलीच्या बाजारांत

आईला घेऊन सिसिलीला जाते म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाने विचारलं की इटलीला जातेस तर रोम, व्हेनिस सोडून तिथे काय. कारण होतं, आणि ते एका बाजाराच्या नावात होतं. आम्ही अलिबागजवळच्या चौलचे. अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमाराला आमच्या गावी येऊन गेलाय, तो चौलला सैमूर म्हणतो आणि हा मुलूख बल्हाराच्या राज्यातला असं सांगतो. बल्हारा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूट राजांची पदवी, अरबांच्या तोंडी तिचं असं झालं. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी कोरवून घेतलं तेच हे राष्ट्रकूट. आणि पालेर्मो शहरात अरबांच्या काळापासूनचा एक बाजार आहे, त्याचं नाव बल्लारो. काही जण सांगतात की जवळच्या बहलारा नावाच्या खेड्यातून व्यापारी यायचे म्हणून हे नाव पडलं, आणि काही जण सांगतात की मसाले ज्या दख्खनच्या राजाच्या मुलखातून यायचे त्या बल्हाराचं नाव बाजाराला चिकटलं. मला दुसरं खरं असावंसं वाटतं, हे आधीच सांगून टाकते.

मुंबई-रोम-पालेर्मो प्रवास नीट झाला. सप्टेंबरचा शेवट होता, तरी ऊन आपल्या ऑक्टोबर हीटसारखंच.

दिवस १, पालेर्मो: बल्लारो

सकाळी आठला आम्ही बाजारात होतो. गल्ल्या अरुंद, वर लाल-निळी कापडं ताणलेली, त्यातून गाळून येणाऱ्या उजेडात टोमॅटो अजूनच लाल दिसतात, आणि सगळीकडे आरडाओरडा. या ओरडण्याला तिथे नाव आहे, अब्बान्न्याता. एक जण वांग्यांपुढे उभा राहून असा काही सूर लावत होता की आई थांबलीच, म्हणाली हा गातोय की विकतोय. दोन्ही करत होता.

ती वांगी मोठी, गोल, फिकट जांभळी होती. सिसिलीत वांग्याला मिलिंचाना म्हणतात, इटालियनमध्ये मेलान्झाना. मागे मागे जात गेलं की अरबी बादिंजान, त्यामागे फारसी बादिंगान आणि त्याच्याही मागे संस्कृत वातिंगण, ज्यातून आपलं वांगं आलं असं मानतात. अरबांनी ८२७ मध्ये माझारा बंदरात पाय ठेवला, ८३१ मध्ये पालेर्मो घेतलं, आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत वांगी, लिंबू, कडू संत्री, ऊस, भात, पालक असं सगळं या बेटावर रुजवलं. लिमोने, अरांचा, झुक्केरो हे शब्द मी आईला मोठ्याने म्हणून दाखवले आणि ती लगेच म्हणाली, लिंबू, नारिंग, साखर. कुणी शिकवलं नव्हतं तिला. संस्कृतातून फारसीत, फारसीतून अरबीत आणि तिथून इथे, शब्द फळांबरोबरच गलबतात बसून आलेत.

पुढे एका गाडीवर मोठमोठे भाजलेले कांदे ट्रेमध्ये मांडलेले, बाहेरून काळे, आतून मऊ गोड. बाजारातून घरी जाताना लोक उकडलेले बटाटे, शेंगा आणि हे कांदे तयारच घेऊन जातात. मला एकदम इब्न हौकल आठवला. हा बगदादकडचा प्रवासी ९७३ च्या आसपास पालेर्मोत आला होता, त्याने इथल्या तीनशे मशिदींचं, बाजारांचं वर्णन केलंय आणि वर चिडून लिहिलंय की इथली माणसं सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात आणि त्याने त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. आमच्या अलिबागचा पांढरा कांदा असा गोड की नुसता भाकरीबरोबर खावा, त्यामुळे आईला त्याचं म्हणणं अजिबात पटलं नाही. तिने दोन कांदे घेतले आणि तिथेच उभ्याने खाल्ले.

मग पानेल्ले. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, ताटावर थापायचं, गार झालं की कापायचं आणि तळायचं, मग तिळाच्या पावात घालून वर लिंबू पिळून द्यायचं. आईने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "अगं ही तर पाटवडी. नुसती तळलीये." हळद नाही, मिरची नाही, लसूण नाही, थोडी पार्सली घातलेली, पण हात तोच. हाही अरब काळातला वारसा असं तिथे मानतात.

बल्लारोत आता बांगलादेशी दुकानं बरीच आहेत. एका दुकानात भेंडी, कारली, हिरव्या मिरच्या बघून आई आत शिरली आणि दुकानदार चक्क हिंदीत बोलायला लागला. पंधरा वर्षं इथे आहे म्हणाला. त्याने सांगितलं की इथल्या म्हाताऱ्या बायका आता त्याच्याकडून भेंडी नेतात आणि कशी करायची ते विचारतात, आणि तो त्यांच्याकडून कॅपर्स नावाच्या कळ्या खारवायला शिकला. आईने त्याला आमच्या गावाचं आणि बल्हाराचं सांगितलं, तो हसला आणि म्हणाला, मग माँजी, हा बाजार तुमचाच. पैसे घेईना. शेवटी आईने त्याच्या मुलीसाठी पिशवीतले बेसनाचे लाडू काढून दिले.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी आठ ते बारा ही खरी वेळ, दुपारनंतर जेवणाच्या गाड्या जास्त आणि बाजार कमी. सुट्टे पैसे ठेवा. पाटीवर 'एत्तो' लिहिलं असेल तर तो भाव १०० ग्रॅमचा आहे, किलोचा नाही. आम्ही ऑलिव्हच्या बाबतीत पहिल्याच दिवशी फसलो ते कुणी फसवलं म्हणून नाही, पाटी न वाचल्यामुळे.

दिवस २, पालेर्मो: कापो आणि एक दगड

कापो बाजार बल्लारोपेक्षा थोडा आटोपशीर. इथे मी एकटीने पाने का मेउसा खाल्लं, म्हणजे प्लीहा आणि फुप्फुस उकडून, चरबीत परतून पावात. आईने लांबूनच नको म्हटलं. दोन प्रकार मिळतात, नुसतं लिंबू पिळलेलं ते 'सडं' आणि चीज घातलेलं ते 'लग्न झालेलं', खरंच अशीच नावं आहेत. याची गोष्ट अशी सांगतात की पालेर्मोच्या ज्यू खाटकांना धर्माप्रमाणे कापण्याचे पैसे घेता येत नसत, त्याऐवजी त्यांना आतडी-काळीज मिळायचं, आणि ते शिजवून ख्रिश्चनांना विकायची युक्ती त्यांनी काढली. १४९२ च्या स्पॅनिश राजाच्या फर्मानाने ज्यूंना बेटावरून हाकललं. माणसं गेली आणि पाव राहिला. ते खाताना मला हे सारखं टोचत होतं, चव चांगली होती म्हणून जास्तच.

दुपारी झिझा नावाच्या नॉर्मन राजवाड्यात गेलो, नावसुद्धा अरबी 'अल-अझीझ'चं. तिथे एक दगड आहे तो चुकवू नका. ११४९ सालचा, राजा रॉजरच्या एका धर्मोपदेशकाने आपल्या आईच्या, आन्नाच्या स्मरणार्थ कोरवलेला, आणि मजकूर चार लिप्यांत, हिब्रू, लॅटिन, ग्रीक, अरबी. नॉर्मन इथले राजे झाले ते अरबांना हरवून, १०७२ मध्ये पालेर्मो घेऊन, पण बागा लावणारे, पाणी खेळवणारे, हिशेब ठेवणारे आधीचेच ठेवले. याच रॉजरच्या दरबारात अल-इद्रिसी नावाच्या अरब भूगोलकाराने ११५४ मध्ये भूगोलाचं पुस्तक पुरं केलं आणि त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाबद्दल लिहिलंय की तिथे इत्रिया नावाच्या पिठाच्या वाळवलेल्या तारा इतक्या बनतात की जहाजं भरभरून बाहेर जातात. म्हणजे वाळवून विकायचा पास्ता, मार्को पोलो जन्मायच्या शंभर वर्षं आधी. चीनहून पास्ता आणल्याची गोष्ट अजून सांगतात लोक, ती सोडून द्या. सिसिलीत बारीक शेवयांना 'त्रिया' अजून म्हणतात आणि आईला ते दिसताच उन्हाळ्यात खाटेवर वाळत घातलेल्या शेवया आठवल्या.

शाकाहारी मंडळींसाठी: पानेल्ले, बटाट्याचे काझिल्ली, कापोनाता (वांगी, सेलरी, कॅपर्स, आंबटगोड) हे बिनधास्त. स्फिंचोने नावाचा जाड पाव-पिझ्झा वरवर शाकाहारी दिसतो, पण त्यात बहुतेक वेळा अँचोवी मासा असतो. 'सेन्झा अच्चुगे' एवढं पाठ करून ठेवा.

दिवस ३, त्रापानी: कुस्कुसु

बसने दोन तासांत त्रापानी. बेटाचं पश्चिम टोक, ट्युनिशिया इथून जेमतेम दीडशे किलोमीटर, आणि जेवणात ते लगेच कळतं.

आम्ही जिथे उतरलो ती खोली एका सत्तरीच्या बाईंच्या घरात होती. त्यांनी आईला स्वयंपाकघरात बोलावलं, मी भाषांतराला मोबाईल घेऊन मागे. माफाराद्दा नावाचं पसरट, आतून गुळगुळीत मातीचं भांडं. त्यात मूठभर रवा, बोटांनी मिठाच्या पाण्याचा शिडकावा आणि मग बोटं पसरून गोल गोल फिरवायची, सारखी, न दाबता. हळूहळू रव्याचे कण एकमेकांना चिकटून बारीक दाणे होतात. या कामाला 'न्कुच्चारी' म्हणतात. तासभर चाललं ते. आईने पंधरा मिनिटं बघितलं आणि हात पुढे केला, बाईंनी भांडं सरकवलं. आईची बोटं जरा घाईत होती तर बाईंनी तिच्या हातावर हात ठेवून वेग कमी केला, आणि मग दोघी एका भांड्यात, एकही शब्द न बोलता. मी मोबाईल खाली ठेवला.

मग ते दाणे भोकं असलेल्या मातीच्या भांड्यात घालून खालच्या भांड्यातल्या वाफेवर ठेवले आणि दोन भांड्यांच्या फटीला कणकेची वळकटी लावून बंद केली. आईने माझ्याकडे बघून फक्त "मोदकपात्र" म्हटलं. शिजल्यावर माशांचा रस्सा ओतला आणि सगळं भांडं लोकरीच्या रगात गुंडाळून ठेवून दिलं, मुरायला. ट्युनिशियात कुस्कुस बहुतेक मटणाबरोबर, इथे माशाबरोबर, आणि रश्श्यात बदाम, लसूण, टोमॅटो. टोमॅटो अर्थात अमेरिकेतून नंतर आलेला, तो इथे कुणाच्याच प्राचीन वारशात नाही हे लक्षात ठेवायला हवं. बाजारात सगळंच 'हजार वर्षांचं' म्हणून विकतात, तसं नसतं.

रात्री जेवताना बाईंनी विचारलं की तुमच्याकडे हे कोण शिकवतं. आई म्हणाली, सासू. त्यांनी मान हलवली, त्यांनाही सासूनेच शिकवलेलं.

दिवस ४, त्रापानी: शिरोक्को आणि मिठागर

या दिवशी फाविन्याना बेटावर जायचं होतं, तिथे ट्यूना मासा डबाबंद करायचा जुना कारखाना आता म्युझियम आहे. धक्क्यावर गेलो तर बोट रद्द. शिरोक्को सुटला होता, आफ्रिकेकडून येणारा गरम दमट वारा, आकाश पिवळट आणि अंगाला चिकटणारी धूळ. तिकिटाचे पैसे परत मिळायला खिडकीवर दीड तास गेला आणि शेवटी सांगितलं की ऑनलाईन फॉर्म भरा. पैसे तीन आठवड्यांनी आले. बेटांचा कार्यक्रम ठेवणार असाल तर एक दिवस मोकळा ठेवाच आणि बेट शक्यतो पहिल्या दिवशी करा, म्हणजे वारा आडवा आला तर दुसरा दिवस हातात राहतो.

त्याऐवजी शहराबाहेर नूबियाच्या मिठागरांकडे गेलो आणि मी सांगते, हा सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला दिवस झाला.

आईचं माहेर पेणकडचं, मामांचं मिठागर होतं, आता नाही. ती टॅक्सीतून उतरली, समोर चौकोनी कप्पे, बांध, कुठे निळं पाणी, कुठे गुलाबी, कडेला मिठाच्या राशी, आणि ती तिथेच उभी राहिली. वाऱ्याने पदर उडत होता तो तिने कमरेला खोचला आणि बांधावरून चालायला लागली, जसं माहेरी चालत असेल तसं.

तिथे काम करणारा एक माणूस भेटला, पन्नाशीचा, इंग्रजी थोडं थोडं. त्याने सांगितलं की समुद्राचं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकवत नेतात, प्रत्येक कप्प्यात ते अजून खारट होतं आणि शेवटच्या कप्प्यात मीठ धरतं. आई हे सगळं त्याच्या आधीच बोलत होती. गुलाबी रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या शेवाळामुळे. फरक दोनच दिसले तिला. एक म्हणजे पवनचक्क्या, पाणी वरच्या कप्प्यात चढवायला, आणि त्यांच्या पोटात आर्किमिडीजचा स्क्रू, तोच आर्किमिडीज जो याच बेटावर सिराक्यूजला जन्मला. दुसरं म्हणजे राशींवर पावसाआधी मातीची कौलं रचून झाकण करतात, आपल्याकडे तण-पेंढा घालायचे.

इथे मीठ पिकवायला सुरुवात फिनिशियनांनी, म्हणजे आजच्या लेबनॉनकडून आलेल्या जुन्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी केली असं मानतात. जवळच मोझिया नावाचं त्यांचं बेट होतं, सिराक्यूजचा सत्ताधीश डायोनिसियस याने इ.स.पू. ३९७ मध्ये ते उद्ध्वस्त केलं. मासा पकडायचा, खारवायचा आणि समुद्रभर विकायचा हा त्यांचा धंदा, आणि त्याला जवळ मीठ लागायचं. नंतर ग्रीकांनी, रोमनांनी हेच केलं, अल-इद्रिसीनेही इथल्या मिठागरांची नोंद केलीय. राज्यं बदलली तरी ऊन, वारा आणि उथळ किनारा तोच राहिला, त्यामुळे कामही तेच राहिलं.

त्या माणसाने आईच्या तळहातावर जाड मीठ ठेवलं. तिने चाखलं, म्हणाली आपलं जास्त कडवट असायचं, मामा म्हणायचे पहिलं मीठ कडू. मी भाषांतर केलं. तो उडालाच. त्याने सांगितलं की कडू क्षार शेवटी पाण्यात उरतात, ते पाणी वेळेवर काढून टाकणं हीच सगळी कला. मग दोघांनी आपापले तळवे एकमेकांना दाखवले, त्याच्या हातावर भेगा होत्या, आई म्हणाली मामांच्याही अशाच.

जवळच लाल लसणाच्या वेण्या टांगलेल्या, नूबियाचा लसूण प्रसिद्ध आहे. आमच्याकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा घालतात अगदी तशाच विणलेल्या. एक घेतली.

टीप: मिठाच्या राशी बघायच्या तर जुलै ते सप्टेंबर. संध्याकाळी गेलात तर डास चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. एक किलोचं जाडं मीठ स्वस्त मिळतं, फॅन्सी डब्यातलं घेऊ नका, मीठ तेच.

दिवस ५, चेफालू: एक मासेवाला

परत पालेर्मो आणि तिथून ट्रेनने तासाभरात चेफालू. छोटं गाव, गर्दी समुद्रावर असते, आम्ही सरळ मांद्रालिस्का म्युझियममध्ये गेलो, एका भांड्यासाठी. इ.स.पू. चौथ्या शतकातलं ग्रीक पद्धतीचं मातीचं मोठं भांडं, त्यावर चितारलंय काय, तर ट्यूना विकणारा. हातात मोठा सुरा, पुढे ठोकळ्यावर मासा, आणि समोर गिऱ्हाईक, त्याच्या हातात नाणं. देव नाहीत, लढाई नाही. विक्रेत्याचा चेहरा जाडजूड, केस विस्कटलेले, ओठ असे की आता भाव सांगेल. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "देईल पण कमी नाही करायचा हा." तेवीसशे वर्षांपूर्वीचा तो माणूस.

बाहेरच्या दुकानात बोत्तार्गा मिळाली. ट्यूनाची गाबोळी मिठात दाबून वाळवलेली, शब्द अरबी 'बतारिख'वरून. आपल्याकडे गाबोळी ताजी तळून खातो, इथे किसून पास्त्यावर. बाजूला 'मोशामे', ट्यूनाचं मांस खारवून वाळवलेलं, तोही शब्द अरबीच. ट्यूना पकडणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला इथे 'राइस' म्हणतात, म्हणजे आपला रईस. बोटभर बोत्तार्गा महाग वाटते पण ती पुरते खूप, आणि दुकानदार 'सोत्तोवुओतो' म्हणजे हवा काढून पॅक करून देतात, सामानात वास लागत नाही.

दिवस ६, कातानिया: पेस्केरिया

कातानियाचा मासळीबाजार चौकाच्या मागे खालच्या अंगाला भरतो, चार पायऱ्या उतरल्या की पायाखाली पाणी. काळ्या लाव्हाच्या फरशा, वर एत्ना ज्वालामुखीचा धूर. तलवारमाशांची डोकी तलवार वर करून उभी ठेवलेली, कोलंबी, माकूल, तारलीसारखे छोटे मासे, आणि कोळी एका हाताने पाणी शिंपडत दुसऱ्याने सोलतायत. इथे आईला माझी गरज पडली नाही. तिने एका टोपलीपुढे बसून माशाचे कल्ले उघडून बघितले. विकणारा आधी जरा चमकला, मग हसला आणि तिने नको म्हटलेला मासा बाजूला ठेवून खालून दुसरा काढला. तो तिने मानेने पास केला. खोलीवर स्वयंपाकघर होतं, रात्री हळद-मीठ लावून (हळद घरून नेलेली) तळला, वरून त्रापानीचं मीठ.

आर्केस्ट्राटस नावाचा एक ग्रीक कवी इ.स.पू. चौथ्या शतकात याच बेटावरच्या जेलाचा, त्याने कुठल्या बंदरात कुठला मासा चांगला यावर कविता लिहिली, तिचे तुकडे उरलेत. त्याचं म्हणणं असं की चांगला मासा असेल तर नुसतं तेल-मीठ पुरे, त्यावर चीज-मसाले ओतून नासवू नका. आईला हे वाचून दाखवलं तर तिचं मत पडलं की माणूस शहाणा होता, पण कोकम माहीत नसेल त्याला.

उन्हात परत येताना चौकातल्या कियोस्कवर 'सेल्त्स लिमोने ए साले' मागितलं. लिंबू पिळलं, चमचाभर मीठ, वरून जोरात सोडा. लिंबूसोडा! जसा अलिबागच्या बसस्टँडवर मिळतो तसाच. तीन ग्लास झाले.

कातानियाच्या वर समुद्रात आची त्रेत्झाचे काळे खडक आहेत, ग्रीक पुराणातल्या एकडोळ्या राक्षसाने, सायक्लोप्सने, ओडिसियसवर फेकलेले म्हणतात. ग्रीक महाकवी होमरने त्याच सायक्लोप्सचं चीज बनवणं सांगितलंय, दूध फाडून विणलेल्या टोपल्यांत भरून ठेवतो असं. बाजारात रिकोत्ता आजही जाळीच्या टोपलीतच मिळतो, टोपली आता प्लॅस्टिकची.

टीप: पेस्केरिया रविवारी बंद. पायात रबरी तळव्याचे बूट घाला. आणि भाताचा तळलेला गोळा पालेर्मोत 'अरांचिना' (स्त्रीलिंगी) आणि इथे 'अरांचिनो' (पुल्लिंगी), यावर लोक मनापासून भांडतात, जिथे आहात तिथलंच म्हणा.

दिवस ७ आणि ८, सिराक्यूज: ओर्तीजा

ट्रेनने सव्वा तास. ओर्तीजा म्हणजे जुनं शहर, पुलाने जोडलेलं बेट. पूल ओलांडला की अपोलोच्या देवळाचे अवशेष, इ.स.पू. सहाव्या शतकातले, आणि त्यांच्या भिंतीला लागूनच बाजार सुरू होतो. पहिल्या दिवशी नुसतं फिरलो. थोडं पुढे कॅथेड्रल आहे, त्याच्या भिंतीत अथेनाच्या देवळाचे खांब तसेच उभे आहेत, हात लावता येतो.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात वाळवलेलं ओरेगॅनो, पांतेल्लेरियाचे कॅपर्स, झिब्बिब्बो मनुका (अरबी झबीब), आणि एका कोपऱ्यात कुब्बायता. मधात घोटलेले तीळ, थापून वड्या पाडलेल्या. तिळाला सिसिलीत 'जुज्जुलेना' म्हणतात, अरबी जुलजुलान. आईने एक वडी मोडली, अर्धी मला दिली आणि दुकानातल्या बाईंना मराठीतच सांगितलं, तिळगूळ घ्या, गोड बोला. त्यांनी घेतला.

त्यांना वाटलं आम्हाला गोडाची आवड, म्हणून त्यांनी गव्हाची एक पिशवी दाखवली. सांता लुचिया ही सिराक्यूजची संत, १३ डिसेंबरला तिचा दिवस, त्या दिवशी सिसिलीत बरेच लोक पाव नाही, पास्ता नाही, कुच्चिया खातात. अख्खा गहू भिजवून, शिजवून, रिकोत्ता आणि साखर घालून. १६४६ च्या दुष्काळात याच दिवशी गव्हाची जहाजं बंदराला लागली आणि लोक इतके भुकेले होते की दळायला न थांबता गहू तसाच उकडला, अशी गोष्ट. पण हे बेट त्याच्या फार आधीपासून गव्हाचं. ग्रीक लोक म्हणत की धान्यदेवी डिमिटरची मुलगी याच बेटावर, एन्नाजवळून पळवली गेली, आणि रोमन तर सिसिलीला आपलं धान्याचं कोठारच मानत. ग्रीक चर्चमध्ये मेलेल्यांच्या नावाने उकडलेला गहू वाटतात तो अजूनही चालू आहे.

"खीर," आई म्हणाली. "गव्हाची खीर. गूळ कुठाय यात?" मी बाईंना सांगितलं की आम्ही गूळ आणि नारळाचं दूध घालतो. त्यांनी दुकानातल्या कागदावर लिहून घेतलं, 'लात्ते दी कोक्को', आणि किती वेळ शिजवता ते विचारलं. आईने हाताने दाखवलं, रात्रभर भिजत, मग सकाळभर.

गहू तिथून आणला नाही, धान्य आणायला नियम आडवे येतात. १२ डिसेंबरच्या रात्री चौलला आईने खपली गहू भिजत घातला आणि सकाळी सहाला कुकर न लावता पातेल्यात शिजवायला ठेवला. चिमूटभर मीठ लागतं खिरीला, ते त्रापानीच्या पिशवीतलं घातलं. अख्खा गहू होता, भरडलेला नव्हता, त्यामुळे फुटायला अकरा वाजले.